चटणीवर दहा टक्के

आकाराम चौगले सरांनी त्या एप्रिलात जगाची अर्थव्यवस्था सोपी करून सांगायचं मनावर घेतलं नसतं, तर वरच्या गल्लीची वर्षाची चटणी वेळेत कांडून झाली असती. जगाची अर्थव्यवस्था होती तिथंच राहिली असती. तशी ती सरांनी सांगून झाल्यावरही होती तिथंच राहिली, पण ते पुढं येईलच.

सर ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. ज्याला बाकी काही झेपत नाही तो आपल्या वर्गात येऊन बसतो, ही त्यांची जुनी जखम. त्या वर्षी अकरावीच्या पेपरात त्यांनी हौसेनं प्रश्न टाकला होता, 'चालू जागतिक आर्थिक घडामोडींवर टीप लिहा.' एका विद्यार्थ्यानं उत्तर लिहिलं, 'सध्या जगात अनेक आर्थिक घडामोडी चालू आहेत आणि त्या यापुढेही चालू राहतील.' सरांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात चूक काही सापडेना, आणि याचंच त्यांना जास्त दुःख झालं. अर्धा गुण देऊन ते घरी आले आणि शालनवहिनींना म्हणाले, की सुट्टीत गच्चीवर बारावीत जाणाऱ्या मुलांचा फुकट वर्ग घेणार.

वहिनी म्हणाल्या, गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात. सर म्हणाले, देशाची पुढची पिढी महत्त्वाची की मिरच्या. वहिनी आणखी एक सूप मिरच्या घेऊन वर गेल्या, हेच उत्तर. शेवटी टाकीच्या बाजूची पट्टी पुढच्या पिढीला मिळाली आणि उरलेली सगळी गच्ची संकेश्वरी आणि ब्याडगीकडं राहिली. त्यामुळं जागतिक अर्थव्यवस्थेचा पहिला धडा शिंकत शिंकतच झाला.

आता थोडा भूगोल सांगायला हवा, कारण सगळी भानगड भूगोलातून झाली. वरची गल्ली आणि खालची गल्ली यांच्यामध्ये एक रिक्षा जाईल एवढा रस्ता आहे आणि त्याच्या मधोमध फरशी टाकलेली गटार. फरशीच्या अलीकडं वरची, पलीकडं खालची. दोन्हींची तरुण मंडळं वेगळी, गणपती वेगळे, कोपऱ्यावरचे सूचना लिहायचे फळेही वेगळे. वरच्या गल्लीत अंबूबाईच्या म्हशी. सकाळी कट्ट्यावर म्हैस बांधायची, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा, ही तिची पद्धत. खालच्या गल्लीत अण्णाप्पा मगदुमांचं चटणीचं कांडप. दोन्ही गल्ल्या पिढ्यान्‌पिढ्या वरचं दूध पीत आणि खालची चटणी खात आल्या होत्या. याला आंतरराष्ट्रीय व्यापार म्हणतात, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.

अण्णाप्पा हे सरांचे दोस्त. घरात कांदा-लसूण न चालणारा जैन माणूस, आणि धंदा साऱ्या पेठेची कांदा-लसूण चटणी कांडायचा. जीभ वेगळी आणि धंदा वेगळा, असं ते म्हणत. रोज सकाळी ते फरशी ओलांडून कट्ट्यावर येत, सर तिथं आलेले असतच, आणि दोघं उभ्यानं एकेक ग्लास दूध पीत जगाला नावं ठेवत. उन्हाळ्यात वहिनींची चटणी अण्णाप्पा गड्याकडं न देता स्वतः कांडत. मिरची-मसाला कांडून झाला, की कांदा-लसूण पडायच्या आधी त्यातली पहिली वाटी बाजूला निघे. ती अण्णाप्पांच्या घरची. पाहुणेरावळे असोत, आजारपण असो, ती वाटी कधी चुकली नव्हती. ती चुकायची वेळ अर्थशास्त्रानं आणली.

झालं असं, की वर्गाला सुरुवात झाली आणि त्याच आठवड्यात अमेरिकेनं साऱ्या जगाच्या मालावर सरसकट दहा टक्के आयात कर लावला. काही देशांवर त्याहून जादा. लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तसे सर बातम्या बघायला लागले. चीननं उलट कर लावला तेव्हा तर त्यांनी वहिनींना हाक मारून टीव्हीसमोर बसवलं. वहिनी म्हणाल्या, आता मिरच्यांचे देठ काढायला कोण बसणार, चीन का?

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी आयात कराची व्याख्या सांगितली. मुलांनी ती उतरून घेतली. सरांनी विचारलं, समजलं का. सगळ्यांनी माना हलवल्या. इतक्या एकसारख्या हलवल्या, की सरांना पुन्हा तो अर्ध्या गुणाचा पेपर आठवला. मग त्यांनी खडू ठेवला आणि म्हणाले, की समजा वरची गल्ली हा एक देश आहे आणि खालची गल्ली दुसरा. वर दूध पिकतं, खाली चटणी. आणि समजा वरच्या गल्लीनं खालच्या चटणीवर दहा टक्के कर लावला. शंभर चमच्यांतले दहा चमचे सीमेवर काढून घ्यायचे. काय होईल?

वर्ग जागा झाला. तेजस्वी वरच्या गल्लीची, ती म्हणाली, लोक चटणी घरीच कुटतील. स्नेहल ही अण्णाप्पांची नात, ती म्हणाली, कुटून बघा की मग. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी जागच्या जागी दोघींना दोन देशांच्या अर्थमंत्री केलं आणि आठवड्याचं प्रात्यक्षिक जाहीर केलं. तेजस्वीनं विचारलं, की कर जाहीर कुठं करायचा. सर उत्साहात होते. ते म्हणाले, राजपत्रात. आपलं राजपत्र म्हणजे मंडळाचा फळा.

कोल्हापुरातला गल्लीचा फळा ही काय चीज आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पाणी कधी येणार, कुणाच्या मातीला किती वाजता जायचं, रक्तदान कुठं आहे, सगळं फळ्यावर असतं आणि फळ्यावर आलं की ते झालं. वरच्या मंडळाचा अध्यक्ष पृथ्वीराज. त्याच्या वाढदिवसाचा फलक उतरायच्या आत पुढचा वाढदिवस येतो. त्यानं 'जागतिक' हा शब्द ऐकला आणि लगेच परवानगी दिली. तेजस्वीनं ठळक अक्षरात लिहिलं, 'वरच्या गल्लीचा निर्णय : खालच्या गल्लीतून कांडून येणाऱ्या चटणीवर उद्यापासून दहा टक्के आयात कर.' आणि खाली सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'केवळ अभ्यासासाठी. बारावी, अर्थशास्त्र.'

ही शेवटची ओळ कुणी वाचली नाही म्हणून घोटाळा झाला, असं सर पुढं बरेच दिवस सांगत होते. ते खरं नाही. ती ओळ दोन्ही गल्ल्यांनी नीट वाचली होती. संध्याकाळी खालच्या मंडळाचा अध्यक्ष यशराज चार जणांना घेऊन आला तो ती ओळ वाचूनच.

"सर, अभ्यास हाय ते कळलं. पण अभ्यासाला दुसरी गल्ली मिळाली न्हाई काय? आमचंच नाव घ्यायचं काय कारण?"

सर म्हणाले, की हे उदाहरण आहे. यशराज म्हणाला, उदाहरण म्हणून तरी आमी का पडतं घ्यायचं. हा मुद्दा कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही.

सकाळी खालच्या फळ्यावर आलं, 'वरच्या गल्लीच्या दुधावर पंधरा टक्के.' खाली 'हाही अभ्यासच.' सर इतके खूष झाले, की सगळा वर्ग घेऊन तो फळा दाखवायला गेले. मुलांनो, याला प्रत्युत्तराचा कर म्हणतात, असं त्यांनी सांगितलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. वरची पोरं आपल्या फळ्यासमोर येऊन टाळ्या वाजवतात हे खालच्यांनी बघितलं आणि दुपारी पंधराचे वीस केले.

मग पृथ्वीराजनं फरशीच्या अलीकडं मंडपवाल्याचं टेबल टाकलं, त्यावर मंडळाचा महाप्रसादाचा स्टीलचा डबा ठेवला आणि चटणी घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईकडून दहावा हिस्सा काढून घ्यायला सुरुवात केली. सर धावत गेले. पृथ्वीराज म्हणाला, "सर, तुमी फकस्त शिकवा. राबवायचं आमच्याकडं लागलं." पलीकडं यशराजचं टेबल लागलं. तिथं दूध घेऊन येणाऱ्याच्या किटलीतून वाटा निघे, तो तालमीतली पोरं पिऊन टाकत.

बायकांचा संताप कराबद्दल नव्हता. डब्याबद्दल होता. प्रत्येक घराची चटणी वेगळी. कुणाकडं खोबरं जास्त, कुणाकडं तीळ, कुणाच्या सासूनं सांगून ठेवलेलं काय काय. आणि पृथ्वीराजनं ती सगळी एकाच डब्यात ओतलेली. बाळाबाई पोवार त्या डब्यात डोकावल्या आणि डोळ्याला पदर लावून घरी गेल्या. त्यांचं सासर मूळचं बिद्रीचं आणि मसाल्याबाबत कडक. त्यांच्या मसाल्यात कुणाचा मसाला कधी मिसळला नव्हता. तेव्हापासून वरच्या गल्लीतल्या एकीनंही थेट कांडपावर मिरची पाठवली नाही.

वहिनींच्या मिरच्या तर अजून गच्चीवरच होत्या. त्या रोज सकाळी मिरच्या उलट्या-पालट्या करत आणि खाली येऊन सरांकडं नुसत्या बघत. त्यापेक्षा त्या बोलल्या असत्या तर बरं, असं सरांना वाटे.

पण सरांना खरं लागलं ते दुसरंच. टेबलं लागली त्याच्या दुसऱ्या सकाळी अण्णाप्पा नेहमीसारखे कट्ट्यावर आले, दूध प्यायले आणि परत निघाले, तर त्यांच्याच गल्लीतल्या पोरांनी त्यांना टेबलाशी अडवलं. पोटात घालून आणलेलं दूध हीसुद्धा आयातच, तर वीस टक्के कसे द्यायचे ते सांगा, म्हणाली. पोरं चेष्टेत म्हणाली असतील. अण्णाप्पा तडक घरी गेले आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले.

सर आपले दोन ग्लास भरून घेत आणि कट्ट्यावर उभे राहत. फेस बसला, की दुसरा ग्लास अंबूबाई म्हशीच्या आंबोणात ओतून टाके. सरांचं म्हणणं, हा अभ्यास आहे हे अण्णाप्पांना कळायला हवं होतं. एवढी वर्षं आपण काय शिकवतो हे माहीत असलेला माणूस. आपण जाऊन काय सांगायचं? आपण अपराधी आहोत का? असं स्वतःशी घोकत ते रोज रिकाम्या पोटी घरी यायचे, कारण एकट्यानं पहिला ग्लासही घशाखाली उतरत नव्हता.

गल्लीत सल्ल्यांना तोटा नव्हता. एकानं सांगितलं, सर, फळा पुसून टाका. दुसरा म्हणाला, पुसला तर आपण भ्यालो असं होईल, उलट पंचवीस करा. तिसऱ्यानं विचारलं, की ह्यात गारगोटीच्या लोकांचा काही हात आहे का. तो का, हे त्यानं सांगितलं नाही. न्हाव्यानं सरांची अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा थांबवून मुक्त व्यापार म्हणजे काय ते त्यांना समजावलं. सरांनी मान डोलवली नाही, कारण वस्तरा गळ्यावर होता.

सर सरकारी मार्गानंही गेले. रस्त्यात टेबलं टाकलीत, ही अतिक्रमणाची तक्रार द्यावी म्हणून ते महापालिकेच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी जागा विचारली. सरांनी गटारीची फरशी सांगितली. साहेब नकाशा बघून म्हणाले, की वॉर्डाची हद्द त्या गटारीतूनच जाते. अलीकडचं टेबल आमचं, पलीकडचं त्यांचं. आमचं एकट्याचं उचललं तर लोक आम्हाला पक्षपाती म्हणतील. सर दुसऱ्या वॉर्डात गेले. तिथल्या साहेबांनी हेच उलटीकडून सांगितलं, चहा पाजला आणि त्यांचा मुलगा अकरावीला आहे, तर अर्थशास्त्राला स्कोप आहे का, असं विचारलं. त्या दिवशी प्रथमच सर म्हणाले, नाही.

मात्र वर्ग जोरात होता, हे सरांनाही नाकारता येत नव्हतं. आदल्या वर्षी 'पुरवठा साखळी' म्हटलं की जांभया देणारी पोरं आता धापा टाकत जिना चढून येत आणि ताज्या बातम्या सांगत. एके दिवशी तेजस्वी सांगत आली, की वरच्या गल्लीत चटणी येतीय आणि टेबलावर कर भरला जात नाही. शोध घेतल्यावर कळलं, बायका मिरची उचगावला बहिणीकडं पाठवत, उचगावची बहीण ती अण्णाप्पांकडंच कांडून घेई आणि चटणी मागच्या रस्त्यानं 'उचगावची' म्हणून घरी येई. सरांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. जगात माल असाच तिसऱ्या देशातून फिरून जातो, त्यासाठी मालाचं मूळ तपासायचे नियम असतात, असं ते सांगत सुटले. खाली पृथ्वीराजनं ते ऐकलं आणि संध्याकाळपासून टेबलावर चटणीचा वास घेऊन ती कुठं कांडली ते ओळखायला दोन माणसं नेमली. त्यातला एक शिंकून शिंकून दवाखान्यात गेला.

आणि मग अंबूबाईनं जे केलं त्यानं सरांचं सगळं पुस्तक पुरं झालं. दुधाचा वाटा जातो म्हणून खालची गिऱ्हाइकं तुटली होती. बाईनं दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी पहाटे म्हशी सोडल्या, फरशी ओलांडली आणि थेट अण्णाप्पांच्या कांडपासमोरच्या लिंबाखाली नेऊन बांधल्या. आता दूध खालच्या गल्लीतच निघत होतं. कर कशावर लावणार? परक्या देशाचा कर चुकवायला कंपन्या कारखानाच तिकडं हलवतात, हे सरांनी मुलांना इतकं रंगवून सांगितलं, की शेवटी टाळ्या पडल्या. सर खूष होऊन घरी आले आणि वहिनींना म्हणाले, चहा टाका.

वहिनींनी कोरा चहा समोर ठेवला.

"दूध?"

"कारखाना हलला न्हवं का," वहिनी म्हणाल्या. "गच्चीवरनं ऐकायला आलं मला."

दुसऱ्या सकाळी सर सवयीनं कट्ट्यावर गेले. म्हैस नव्हती, अंबूबाई नव्हती, शेण वाळलेलं होतं. फरशीपलीकडं लिंबाखाली लोक ग्लास घेऊन उभे होते. सर जरा वेळ उभे राहिले आणि कुणी बघत नाही ना हे बघून परत आले. शहाणा माणूस उदाहरण निवडताना आपल्या पायाखालचं निवडत नाही, असं त्यांना त्या दिवशी वाटलं. आणि त्याहून जास्त हे वाटलं, की अण्णाप्पांशिवाय आपल्याला करमत नाही.

तरी ते गेले नसतेच. त्यांना पाठवलं ते वहिनींनी. सर घरी आले तो घरभर खोबऱ्याचा, तिळाचा आणि तळलेल्या कांद्या-लसणाचा वास. वहिनींनी मिरची गच्चीवरून उतरवून तेलावर परतली होती, मसाला भाजला होता, सगळं पितळी डब्यात भरून झाकण लावलं होतं आणि कांदा-लसणाची पिशवी वेगळी बांधली होती.

"तळलेला कांदा-लसूण हाय. आज कांडला तर कांडला, उद्या वास मारंल," वहिनी म्हणाल्या. "अण्णाप्पांकडं घेऊन जायचं. न्हायतर वरीसभर दहीभात खायचा आणि जगाला शिकवत बसायचं."

सरांनी डबा उचलला. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून, कोपराला पिशवी अडकवून ते रस्त्यानं निघाले, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. फरशीपलीकडच्या टेबलाशी त्यांची विद्यार्थिनी स्नेहल बसली होती. यशराजनं तिला हिशेबाला बसवलं होतं. तो म्हणाला, सरांचा माल, काय लावायचं?

स्नेहल उभी राहिली. म्हणाली, हा कच्चा माल आहे. प्रक्रिया करून परत जायचा आहे. याला कर लागत नाही, सरांनीच शिकवलंय. मग सरांकडं बघून हळूच म्हणाली, "पण जाताना तुमची गल्ली दहा टक्के घेईल, सर." सरांना एकाच वेळी तिचा अभिमान वाटला आणि आपली कीव आली.

कांडप बंद होतं. अण्णाप्पा दारात लाकडी खुर्चीवर बसले होते. त्यांनी डब्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं आणि उठले नाहीत.

"अण्णा, चटणी कांडायची हाय," सर म्हणाले.

"कुठल्या देशाची?"

"आमच्या हिची."

अण्णाप्पांनी उपरणं खांद्यावर नीट घेतलं. मग म्हणाले, "कर लावलासा, त्याचं काय न्हाई. पोरांनी पोटातल्या दुधाचा हिशेब मागितला, त्याचं बी काय न्हाई, पोरंच हाईत. पण रोज सकाळी दोन ग्लास घेऊन हुबं राहिलासा आणि चार पावलं पुढं यायला झालं न्हाई तुमाला. ते लागलं, सर."

"तुमाला कसं ठावं दोन ग्लास?"

"मी हितं मशिनीच्या आडोशाला हुबा राहून बघत हुतो की."

"मग तुमी तरी का आला न्हाईसा?"

"मला वाटलं, तुमी येशीला."

सरांचे डोळे भरून आले. कांडपात मिरचीची भुकटी असते, त्यामुळं तिथं कुणाचेही डोळे भरून येतात आणि कुणी विचारत नाही. ही सोय सरांना त्या दिवशी फार उपयोगी पडली. ते म्हणाले, की माझं चुकलं, अण्णा. जगाचं समजवता समजवता मला शेजारचं समजलं नाही. अण्णाप्पा उठले, डब्याचं झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाले, वहिनींनी औंदा धने जास्त भाजलेत. मशीन सुरू झालं. मसाला कांडून झाल्यावर त्यांनी हात थांबवला, फळीवरची वाटी घेतली, भरून बाजूला ठेवली, आणि मगच तोंडावर उपरणं बांधून कांदा-लसणाची पिशवी सोडली.

परतताना डब्याची एक कडी सरांच्या हातात होती आणि दुसरी अण्णाप्पांच्या. फरशीशी दोन्ही गल्ल्या जमल्या होत्या. पृथ्वीराजनं चमचा हातात घेतला, पण त्याचाही कर काढायला जीव होत नव्हता. तो सरांच्या कानाशी लागून म्हणाला, की सर, आमच्या आईनं कालपास्नं जेवायला वाढलं न्हाई, पण आमी आधी मागं सरलो तर मान राहत न्हाई. तेवढ्यात यशराज दुसऱ्या कानाशी आला. त्याच्या तालमीतल्या पोरांची फुकटच्या दुधानं पोटं बिघडली होती आणि जोर मारायला कुणी येत नव्हतं. पण आधी पृथ्वीराजनं टेबल उचलायला हवं, असं त्याचं म्हणणं.

सरांनी डबा फरशीवर ठेवला. इतके दिवस ज्या बातम्या बघितल्या त्या आता कामाला आल्या. ते म्हणाले, अमेरिकेनं काय केलं ठाऊक आहे का? जादाचा कर आठवड्यातच थांबवला. रद्द नाही केला. बहुतेक देशांना नव्वद दिवसांची स्थगिती दिली.

"म्हंजे कर हाय?" पृथ्वीराजनं विचारलं.

"हाय की. फक्त थांबलाय."

"म्हंजे आमी हरलो न्हाई?"

"न्हाई."

"आणि ही बी न्हाईत?" त्यानं यशराजकडं बोट केलं.

"ही बी न्हाईत."

"अमेरिकेनं असंच केलंय?"

"पेपरात आलंय."

पृथ्वीराजनं चमचा खाली ठेवला. अमेरिकेला जे करायला लाज वाटली नाही ते वरच्या गल्लीनं करायला हरकत नव्हती. तरी आधी कुणाच्या फळ्यावर लिहायचं यावर वाद झालाच. शेवटी तेजस्वी एका फळ्याशी, स्नेहल दुसऱ्या फळ्याशी, आणि सरांनी पीटीच्या सरांची शिट्टी आणवून वाजवली. दोन्ही फळ्यांवर 'नव्वद दिवस स्थगिती' एकदमच आलं. अंबूबाई त्या गडबडीत म्हशींना घेऊन परत कट्ट्यावर आली होती.

राहिला तो पृथ्वीराजचा डबा. त्यातली चटणी परत कुणाला द्यायची हे कळेना, तेव्हा दोन्ही मंडळांनी मिळून तिचा रस्सा केला. गल्लीतल्या निम्म्या घरांची चटणी एका पातेल्यात पडलेली, पण प्रत्येकाला त्यात आपल्याच घरची चव लागली. बाळाबाई पोवारांनी दोनदा वाढून घेतला. अण्णाप्पा लांब खुर्ची टाकून केळी खात बसले होते आणि सर त्यांच्या शेजारी वाटी घेऊन, वारा त्यांच्याकडं जाणार नाही अशा बेतानं.

सुट्टी संपताना सरांनी वर्गाची चाचणी घेतली. प्रश्न एकच, 'आयात कराचे परिणाम सांगा.' पाच गुण. स्नेहलनं लिहिलं होतं, 'आयात कर लावल्यावर दोन्ही देशांतील माणसे सकाळी एकएकटी उभी राहतात. दूध तेवढेच असते, पण पिऊन संपत नाही.'

सर ते उत्तर घेऊन बराच वेळ गच्चीवर बसले. मग चार गुण दिले. पाचवा द्यायला हात उचलला होता, पण व्याख्या लिहिलेली नव्हती, आणि सर शेवटी सर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाप्पा फरशी ओलांडून आले ते तावातावानंच. अंबूबाईनं पुढं केलेला ग्लास त्यांनी घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"पोरीचा एक गुण कुठं गेला ते आधी सांगा."

"व्याख्या लिहिली न्हाई तिनं."

"सगळं बरोबर लिहून वर व्याख्या कशाला लागती?"

सरांनी व्याख्येचं महत्त्व सांगायला सुरुवात केली, अण्णाप्पांनी ते मधेच तोडलं, दोघांचे आवाज चढले, आणि फेस बसतोय म्हणून अंबूबाई ओरडली तेव्हा दोघांनी एका दमात ग्लास रिकामे केले आणि भांडण पुढं चालू ठेवायला आणखी एकेक भरून घेतला. सरांनी तो गुण दिला नाही. अण्णाप्पा दुसऱ्या दिवशी परत भांडायला आले, आणि तिसऱ्या दिवशीही.